एकोणचाळिसावी चौकट

प्रिय...,

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. तुझं बदललं ते अकरा एकवीसला. मधलं एक मिनिट कुठे गेलं ते फक्त मला ठाऊक आहे, आणि ते मुठीत आवळून मी पाच दिवस या शाळेत हिंडतोय. मूठ आता दुखायला लागलीय.

'प्रिय'च्या पुढची टिंबं बघून हसू नकोस. सातवीला पत्रलेखन शिकवणाऱ्या बाईला बिनमायन्याचं पत्र म्हणजे अपमानच, पण तिथे काय लिहावं कळेना. चारचौघांत मी तुला 'बाई' म्हणतो, जिन्यात मागेपुढे कुणी नसेल तर 'ए', आणि मनात जे म्हणतो ते आज कागदावर उतरवायचा मला हक्क नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय. शनिवार आहे, मुलं नाहीत, नऊ वाजून गेलेत. अकराला खाली मोठ्या बाईंच्या खोलीत तुझ्या नोकरीचं ठरणार. एका वर्षाच्या बोलीवर घेतलेली शिक्षिका, वर्ष भरायला महिना राहिलेला, आणि भर चाचणीत अख्ख्या सातवीचे टॅब तिच्या डोळ्यांदेखत मेले. फाइलीत तेवढंच आहे. साडेदहाला तू सहीसाठी मस्टर उघडशील तेव्हा त्यात हा लिफाफा असेल. वाचायला अर्धा तास मिळेल, तुझा वेग मला माहीत आहे. एकच कर, मध्येच उठून मला शोधत येऊ नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय फोडायचं ते फोड.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची प्रयोगाची परीक्षा आठवते? बाहेरून आलेल्या त्या परीक्षकाने माझी वही दोन बोटांत धरली होती, मेलेलं झुरळ धरावं तशी, आणि विचारलं होतं, 'कुणाची उतरवलीस?' मी उतरवलेली नव्हती. चार महिने खपून लिहिली होती. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी वही भिरकावली, ती त्याच्या चष्म्याला लागली, आणि निघताना दार असं आपटलं की वरची काच खाली आली. दुसऱ्या दिवशी माफीचं पत्र द्यायचं होतं, ते दिलं नाही. तिसऱ्या दिवसापासून कॉलेजच सोडलं. आई म्हणाली, 'तुझं डोकं म्हणजे झाकण हरवलेलं पातेलं. दूध उतू जाणार आणि वर शेगडीलाच शिव्या देणार.' तू मात्र वही घेऊन घरी आलीस. काचेचे कण झटकलेले, सुटलेला पुठ्ठा चिकटवलेला. उंबऱ्याच्या आतही आली नाहीस. म्हणालीस, 'तडतड्या, तुला दार आपटता येतं, लावता येत नाही.' आणि चालू लागलीस. त्या संध्याकाळी मला जे झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं नसेल असंही मला कधी वाटलं नाही.

इथे तूच मला आणलंस. मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, 'पदवी?' त्यांचा चष्मा कपाळावर गेला की समोरच्याने आपलं सामान आवरायला घ्यावं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, 'अर्धी आहे बाई. पण याला बिघडलेलं काहीही द्या, नीट करून देईल. फक्त याला बिघडू देऊ नका.' मोठ्या बाई हसल्या होत्या! नंतर त्यांना मी परत हसताना पाहिलेलं नाही. मला ही पहिल्या मजल्यावरची टोकाची खोली मिळाली, खिडकी एक, पंखा एक, आणि टॅब चार्जिंगला लावायच्या चार ट्रॉल्या. शाळेत मला 'टॅबवाले' असं नाव पडलं. मला ते आवडायचं. का, ते तुला सांगायला नको, सातवीचा वर्ग बरोबर या खोलीखाली आहे.

टॅब आले त्या पहिल्या आठवड्यात बाकीच्या वर्गांत नुसता बाजार होता. गणित चालू असताना मागच्या बाकावर मोटारींच्या शर्यती, भूगोलात एकीने शेजारणीचा जांभई देतानाचा फोटो काढून साऱ्या ओळीला दाखवलेला. सर लोक जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायचे, 'टॅबवाले, बंद करा हो यांचं!' आणि मी इथून कळ दाबायचो. सगळ्या काचा काळ्या, वर पांढरी अक्षरं, 'शिक्षकांकडे लक्ष द्या'. मुलं शिक्षकांकडे बघायची खरी, पण कसं, ते तू पाहिलंयस. तुझ्या वर्गातून कधी हाक आली नाही. मला वाटलं, बाई घाबरून गप्प आहेत, म्हणून एकदा बघायला आलो. तू फळ्यावर लिहीत होतीस, पाठ वर्गाकडे. मागे न बघता नुसतं म्हणालीस, 'पालथे.' थप्प! अडतीस टॅब एका आवाजात बाकावर पालथे. कुणी कुरकुरलं नाही. नंतर मी विचारलं, हे कसं जमवलंस, तर म्हणालीस, 'सोपं आहे. माणूस बोलत असताना मध्ये काच उताणी ठेवायची नाही, एवढंच ठरवलंय. मीही माझा पालथा घालते.' ते खरं होतं. तुझा टॅब सगळ्यांच्या आधी पालथा पडायचा.

माझ्या पॅनलवर वर्गातल्या सगळ्या काचा दिसतात, बिस्किटाएवढ्या चौकटी, ओळीने मांडलेल्या. मी बघत असलो की मुलांच्या टॅबच्या कोपऱ्यात बारीकसा डोळा उमटतो. मोठ्या बाईंचा हुकूम, डोळा सतत हवा. तुझं त्यांच्याशी वाजलं ते यावरूनच. तू म्हणालीस, 'पाठीमागून बघितलं की मूल चूक करताना सापडतं, शिकताना सापडत नाही. मला समोरून बघू द्या.' आणि तुझ्याकडे एक पुरावाही होता, तिसऱ्या बाकावरची ती मुलगी. बाकीचे तिला 'गोगलगाय' म्हणतात, तू 'सावकाशबाई' म्हणतेस. कोपऱ्यात डोळा दिसला की तिचं बोट काचेवरून उचललं जायचं आणि तास संपेपर्यंत खाली यायचं नाही. तू दोन महिने तिच्यामागे होतीस. एक शब्द, मग एक ओळ, मग तीन ओळी. तीन ओळी झाल्या त्या दिवशी तू जिन्यात मला गाठून असं सांगितलंस, जणू तुझ्याच घरी कुणी पहिलं पाऊल टाकलंय. भाषेच्या चाचणीत डोळा बंद असावा म्हणून तू अर्ज दिलास. मोठ्या बाईंनी माझ्यादेखत सही केली आणि म्हणाल्या, 'देते. पण काही झालं तर हा कागद तुमच्याच अंगावर येईल.' तू म्हणालीस, 'येऊ दे.' आज अकरा वाजता येतोय तो हाच कागद.

आता मी जे लिहितोय ते सावकाश लिहितो, कारण इथे माझा हात पळायला बघतोय.

तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या टॅबची बॅटरी फुगली. मी तुला तात्पुरता एक दिला, कोपऱ्यात तडा गेलेला, मुलांच्या ट्रॉलीतला जादाचा, नंबर एकोणचाळीस. मुलांचा टॅब म्हणजे तो मुलांच्या गटात. पॅनलवर सातवी उघडली तेव्हा शेवटच्या ओळीत एक चौकट जास्त होती, आणि त्या चौकटीत तू होतीस. गटातून काढायला दोन मिनिटं लागतात. मी म्हटलं, उद्या काढू. तो उद्या तीन आठवडे आला नाही. कोपऱ्यातला डोळा झाकायची सोय मला आधीच सापडलेली होती. असल्या गोष्टी मला सापडतातच. तुझ्या टॅबवर तो कधी उमटला नाही. मी तुझी हजेरी पाहिली, तू कुणाच्या नावापुढे बारीक फूल काढतेस ते पाहिलं. 'न बोलणाऱ्या मुलांशी कसं बोलावं' हे तू तीनदा शोधलंस तेही. 'आघात'मधला घ तू एकदा चुकवलास आणि गुपचूप सुधारलास. मला वाटायचं, मी तुझ्या शेजारी बसलोय. शेजारी बसलेल्या माणसाला बाजूला वळून बघता येतं, उठून जाता येतं. तुला त्यातलं काहीच करता येत नव्हतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

सोमवारी डोळा बंद ठेवायचा होता. मी अडतीस मुलांचा डोळा झाकला आणि पॅनल चालूच ठेवलं. मुलांकडे मी बघतच नव्हतो. त्यांच्या चौकटी डाव्या हाताने झाकल्या होत्या, इतका मी मूर्ख. मी फक्त शेवटच्या ओळीत बघत होतो.

गणिताच्या सरांचं तुला मध्येच सांगायला हवं. त्या माणसाचा मला आधीपासून राग आहे. शर्टाला तर सगळेच इस्त्री करतात, तो बहुतेक स्वतःलाच करून येतो. कधी आवाज चढवत नाही. त्याच्या डब्याचं झाकणसुद्धा आवाज न करता लागतं! आदल्या शनिवारी तो आठवडाभराच्या प्रशिक्षणाला निघाला तेव्हा तू फाटकाशी उभी राहून त्याच्याशी पाच मिनिटं बोललीस आणि दोनदा हसलीस. मी इथून, या खिडकीतून मोजलं. रविवारभर मी घरात चपला आपटत फिरत होतो. ताईने विचारलं, 'काय रे, कोण मेलं?' मी तिच्यावरही ओरडलो.

आणि सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी एकोणचाळिसाव्या चौकटीत अक्षरं उमटायला लागली. 'प्रिय सोन्या, तू गेल्यापासून माझं लक्ष दाराकडेच असतं. घरात सगळे आहेत, तरी घर ओकंबोकं वाटतं. परत ये. आलास की मी तुला काहीच विचारणार नाही.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला दिसत नव्हतं. कानशिलं तापली, पंख्याचा आवाज यायचा बंद झाला. मला एवढंच कळत होतं की खाली, माझ्या पायाखाली बारा फुटांवर, तू त्याला 'सोन्या' म्हणतेयस, आणि पुढचं अक्षर मला बघायचं नाही. पॅनलवर काच नुसती काळी करणाऱ्या, पांढरी अक्षरं न दाखवणाऱ्या, शेजारीशेजारी दोन कळा आहेत. एक 'ही चौकट', दुसरी 'पूर्ण वर्ग'. मी दुसरी दाबली.

खालून आलेला आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. ओरडा नव्हता तो. अडतीस मुलांनी एकदम आत घेतलेला श्वास होता. कळ मी लगेच उलटी फिरवली, चाळीस सेकंदांत. पण त्या चाचणीच्या प्रोग्रामला वाटतं, काच काळी झाली म्हणजे मूल पेपर सोडून दुसरीकडे गेलं. त्याने अडतीस पेपर बंद केले आणि जमा करून टाकले, चालू असलेल्या उत्तरासकट नाही, उत्तराशिवाय. मी जिना उतरून दारात आलो तेव्हा तू वर्गाच्या मधोमध उभी होतीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच होता. तू म्हणालीस, 'पालथे.' आणि त्या पोरांनी, रडत असलेल्यांनीसुद्धा, टॅब पालथे घातले. एक सोडून. सावकाशबाई रिकाम्या काचेवर अंगठा घासत होती, खिडकीवरची वाफ पुसावी तशी, खाली काहीतरी असेल म्हणून. ती वर्गात कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. 'बाई, मी दीड पान लिहिलं होतं.'

तू तिच्याजवळ खाली बसलीस. मी दारातून माघारी फिरलो. मी 'काय झालं?' असंही विचारलं बहुतेक.

मोठ्या बाईंनी त्याच दुपारी मला बोलावलं. चष्मा कपाळावर. 'पॅनलमध्ये कशाकशाची नोंद राहते ना? कुणी, कधी, काय दाबलं?' राहते. एकूण एक राहते. मी म्हणालो, 'निरीक्षण बंद होतं बाई. अर्ज होता ना. मग नोंद कुठली राहणार?' इतकं सहज निघालं तोंडातून. तुझाच अर्ज मी तुझ्यावर उलटवला, आणि त्या मान डोलावून म्हणाल्या, 'तरी मी सांगत होते. वरून लक्ष नाही म्हटल्यावर एखाद्या कार्ट्याने काहीतरी उचापत केली असणार.' त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. मंगळवारी तू शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणालीस की मुलांपैकी कुणाचंही नाव यात घेऊ देणार नाहीस, वर्ग माझा होता, उत्तर मी देईन. मी दारामागे वायर गुंडाळत उभा होतो. नंतर जिन्यात तू थांबलीस. डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणालीस, 'तडतड्या, यंत्रात काही सापडतंय का रे?' मी म्हणालो, 'शोधतोय.' तू म्हणालीस, 'तू शोधतोयस म्हणजे सापडेलच,' आणि माझ्या दंडावर दोन बोटं टेकवून खाली गेलीस. तिथे अजून भाजतंय.

खरं सांगू? मंगळवारपर्यंत मला पश्चात्ताप नव्हता. भीती होती, आणि भीतीच्या खाली अजून राग होता. मी मनात म्हणत होतो, लिही अजून सोन्याला. बुधवारी तुझा नवीन टॅब आला आणि एकोणचाळीस नंबर पुसून ठेवायला माझ्याकडे परत आला. तू वहीच्या प्रोग्राममध्ये लिहिलं होतंस, तो आपोआप जपून ठेवतो. पत्र अख्खं होतं. मी दार आतून लावून वाचायला बसलो. 'प्रिय सोन्या, तू गेल्यापासून माझं लक्ष दाराकडेच असतं.' पुढे 'परत ये, काहीच विचारणार नाही.' आणि मग, 'तुझी वाटी जिथल्या तिथे आहे. आजीने दुधावरची साय तुझ्यासाठी बाजूला काढायचं थांबवलेलं नाही. गादीवर तुझे केस अजून सापडतात. शेजारचा बोका मात्र माजलाय.' त्याच्या वर तू नंतर घातलेला मथळा होता, 'प्रश्न चौथा, नमुना उत्तर.'

प्रश्न चौथा. तुमचं मांजर घर सोडून गेलं आहे, त्याला पत्र लिहा. हा पेपर टॅबवर कुणी चढवला होता? मी. शुक्रवारी, माझ्या या दोन हातांनी. चढवताना समासाची मापं तपासली, फाँट तपासला, प्रश्नांचे आकडे तपासले. प्रश्न वाचले नाहीत. अर्ध्या पदवीचा माणूस असाच असतो, यंत्र वाचतो, मजकूर वाचत नाही. एका बोक्यापायी मी अडतीस पोरांचे पेपर मारले, हे कळलं तेव्हा मी या खोलीत एकटाच हसलो. मग ते हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

तू म्हणशील, चुकून झालं. हात घसरला. शेजारीशेजारी कळा, रागात बोट इकडचं तिकडे पडलं. हे मी स्वतःला चार दिवस सांगून पाहिलं, छान बसतं. पण ते खोटं आहे. हात घसरला नव्हता. 'ही चौकट' दाबली असती तर फक्त तुझीच काच काळी झाली असती आणि तुला कळलं असतं की वरून कुणीतरी बघतंय. 'पूर्ण वर्ग' दाबली की ते यंत्राचं खूळ वाटणार होतं. एवढा विचार त्या रागातसुद्धा माझ्या डोक्यात झाला. मी डोकं फिरल्यावर आंधळा होतो असं सगळे म्हणतात. मीही तेच समजत होतो. त्या दिवशी मला नीट दिसत होतं, आणि मी अडतीस मुलांना पुढे उभं करून त्यांच्या मागे लपलो.

गुरुवारी मी नोंद पुसायला बसलो. पुसायची कळही माझ्याकडेच आहे. प्रोग्राम विचारतो, 'नक्की पुसायचं?' बोट ठेवून बसलो. कोणाला कळणार होतं? तू गेली असतीस, दुसरीकडे लागली असतीस, मी येऊन तुला धीर दिला असता. हे लिहिताना किळस येते, पण मी हाही विचार केला. बोट उचललं ते चांगुलपणाने नाही. शेजारी दुसऱ्या पडद्यावर मी त्या दीड पानाचा शोध चालू ठेवला होता. तीन दिवस सावकाशबाईच्या टॅबचं पोट उकरत होतो. आणि नेमका तेव्हाच तो शोध संपला. दीड पान मिळालं नाही. ते कायमचं गेलं. एक ओळ मिळाली, पहिली. ती मी छापून या लिफाफ्यात ठेवलीय, तिला तूच दे. तिने लिहिलं होतं, 'प्रिय मने, मी हळू लिहिते, पत्र संपेपर्यंत घाई करून दूर जाऊ नकोस.'

काल दिवसभर मी या ओळीपुढे बसून होतो. आईने डबा तसाच परत आलेला पाहिला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. नुसती म्हणाली, 'काय सांडलंय ते पुसून ये बाबा.' तिला काही माहीत नाही. आयांना माहीत असावं लागत नाही.

आता दहाला वीस मिनिटं कमी आहेत. आज सकाळी आल्याआल्या मी एकोणचाळीस नंबर गटातून काढला. दोनच मिनिटं लागली. डोळा झाकायची वाट बंद केली आणि ती कुठे होती आणि कशी बंद केली हे कागदावर लिहून मोठ्या बाईंच्या नावे ठेवलं, म्हणजे पुढच्या कुणाला ती 'सापडणार' नाही. चाचणीचा प्रोग्राम आता दर ओळीला उत्तर जपून ठेवतो. हे आधीच करायला हवं होतं; कुणी सांगितलं नाही म्हणून केलं नव्हतं. फेरचाचणी घेतलीस तर एकही शब्द जाणार नाही, एवढा शब्द मी देऊ शकतो. बाकी माझ्या शब्दाला आता काय किंमत!

आणि हे पत्र कशासाठी? क्षमेसाठी नाही. क्षमा मागायला पत्र लिहिलं की वाचणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं. नोंदीचा छापील कागद आहे, सोमवार, अकरा वीस, 'पूर्ण वर्ग', आणि पुढे माझा नंबर. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक तुझ्या हातात आहे. दुसरी, खाली 'हे मी केलं' असं लिहून आणि सही करून, मी आता मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन चाललोय. त्या दहाला येतात. नुसता कागद ठेवून फाटकातून पसार होणं मला फार चांगलं जमलं असतं, आजवर तेच केलंय. पण तू म्हणतेस ना, समोरून बघायचं. म्हणून समोर उभा राहून तोंडाने सांगणार आहे, चष्मा कपाळावर गेला तरी. अकराची बैठक झालीच तर ती माझी असेल. तुला हे सगळं फाइलीतून कळू नये, सगळ्यांच्या आधी आणि माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं. तुझ्या चौकटीत मी तीन आठवडे बघितलं, तेव्हा एकदा माझ्या चौकटीत तूही बघ. सोन्याला तू लिहिलंस की परत आलास तर काहीच विचारणार नाही. मी कधी समोर आलो तर विचार. सगळं विचार. किल्ल्या ट्रॉलीवर ठेवल्यात. या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं, तुला माहीत आहे, कडी जरा उचलून धरावी लागते. ही शेवटची ओळ बाहेर उभा राहून, कागद भिंतीला टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. कडी उचलून धरली. दार लावलं. आवाज झाला नाही.

तुझाच,
तडतड्या